कापऱ्या सहीचं खातं

बँकेतल्या खातेवाल्या बाईने संगणकावरची नजर न काढता काहीतरी विचारलं आणि लिफ्टवाल्याने ते मराठीत सांगितलं, "म्हणते, खातं कशासाठी उघडायचंय?"

"दादाला घरी न्यायला," पेंटर म्हणाला.

लिफ्टवाल्याने जरा विचार केला आणि तिकडच्या भाषेत सांगितलं, "कौटुंबिक प्रवास." खातेवालीने तसं टाईप केलं. खोटं म्हणावं तर ते खोटंही नव्हतं.

दादा म्हणजे पेंटरचा थोरला भाऊ. त्या परक्या शहरातल्या एका हॉटेलच्या धुलाईघरात तो वर्षानुवर्षं चादरींना इस्त्री करत होता. एका सुट्टीच्या दिवशी दुपारी जेवून खाटेवर आडवा झाला, तो उठला नाही. शेजारच्या खाटेवर लिफ्टवाला झोपायचा. इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करणारा हा माणूस आपल्याकडचाच. त्याने चहा करून दादाला हाक मारली, मग हलवलं, मग चहा तसाच ठेवून गावी फोन लावला.

आता दादा सरकारी दवाखान्याच्या शवागारात होता आणि तिथून सुटण्यासाठी तिथलं शुल्क भरावं लागत होतं. शुल्काचे पैसे पेंटरकडे होते. गल्लीतल्या दुकानदारांनी जमवून दिले होते. पण शवागार रोख घेत नव्हतं आणि बाहेरच्या देशातलं कार्डही घेत नव्हतं. मयताच्या कामावरच्या कागदात ज्याचं नाव नातेवाईक म्हणून लिहिलेलं असेल, त्यानेच आणि त्याच्या तिथल्याच बँकखात्यातून पैसे भरायचे. मागे एकदा कोणीतरी पैसे भरून भलत्याच माणसाला घेऊन गेलं होतं, तेव्हापासून हा नियम आला, असं शवागाराच्या कारकुनाने सांगितलं. नेलेल्या माणसाने अर्थातच तक्रार केली नव्हती. ती त्याच्या मागे राहिलेल्या घरच्यांनी केली.

दादाने नातेवाईक म्हणून धाकट्या भावाचं नाव लिहून ठेवलं होतं, कारण घरात पासपोर्ट त्याच्या एकट्याकडे होता. तोही दादानेच मागे लागून काढायला लावलेला. "ये की एकदा इकडे. इथल्या पाट्या बघ, बघतच राहशील," असं तो दर फोनला म्हणायचा. पेंटर गावात दुकानांच्या पाट्या रंगवायचा आणि त्याला कधी सवड झाली नव्हती. आता विमानतळापासून बँकेपर्यंतच्या सगळ्या पाट्या त्याने बघितल्या. अक्षर ओळखू येत नव्हतं, पण रंगकाम चांगलं होतं.

"पासपोर्ट ठीक आहे म्हणते. तू परदेशी आहेस, इथे राहत नाहीस, तरी खातं मिळेल म्हणते," लिफ्टवाला म्हणाला. "फक्त इथला पत्ता पाहिजे आणि ओळख द्यायला या बँकेचा एक ग्राहक पाहिजे."

"तुम्ही द्या ना ओळख."

"माझं खातं समोरच्या बँकेत आहे रे. आणि पत्ता म्हणून दादाची खाट सांगितलीय. तिचं भाडं चालू आहे."

एवढ्यात खातेवालीचा चेहरा उजळला. तिला संगणकात काहीतरी सापडलं होतं. ती भराभर बोलली आणि लिफ्टवाल्याचा चेहरा मात्र पडला.

"काय म्हणते?"

"म्हणते, तुमच्याच आडनावाचा, तुमच्याच गावचा एक ग्राहक आमच्याकडे आहे. फार चांगला ग्राहक आहे, कधी भानगड नाही. त्याला आणा, तो ओळख देईल."

दोघांनी नजर खाली घातली. खातेवालीला वाटलं, भावाभावांचं पटत नसावं. तिने समजुतीच्या स्वरात विचारलं, "ते सध्या कुठे आहेत?"

"सरकारी दवाखान्यात," लिफ्टवाला म्हणाला.

"अरेरे. कधी सोडणार त्यांना?"

"हे खातं उघडलं की."

खातेवालीने पहिल्यांदाच संगणकावरून नजर काढली. मग लिफ्टवाल्याला खरं ते सांगावंच लागलं. तिने ऐकून घेतलं, हात जोडल्यासारखे छातीशी धरले आणि तिच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. बाई चांगली होती, यात शंका नाही. डोळे पुसून तिने नियमाप्रमाणे ग्राहक मयत झाल्याची नोंद केली, आणि कळ दाबताक्षणी दादाचं खातं गोठलं. चांगल्या ग्राहकांच्या यादीतून त्याचं नावही गेलं.

"आता?" पेंटरने विचारलं.

"आता दुसरा ग्राहक शोधा म्हणते."

ते बँकेच्या बाहेर येतात न येतात तोच लिफ्टवाल्याचा फोन वाजला. घरमालक होता. दादाच्या खाटेचं भाडं दादाच्या खात्यातून आपोआप जायचं, ते आज परत आलं होतं. खाटेवाल्याची पैसे द्यायची इच्छा दिसत नाही, तेव्हा खाट रिकामी करावी, असं घरमालकाचं म्हणणं होतं. खाट रिकामीच होती. पण तीच तर पेंटरचा पत्ता होती.

"खाट माझ्या नावावर करा म्हणावं," पेंटर म्हणाला.

लिफ्टवाल्याने तसं विचारलं आणि फोन ठेवला. "करतो म्हणतो. अनामत रक्कम लागेल. इथल्या बँकखात्यातून."

पेंटर फुटपाथच्या कडेला खाली बसला. एरवी या गोष्टीवर तो खो खो हसला असता आणि गावी जाऊन नक्कल करून दाखवली असती, पण नक्कल बघायला दादा नव्हता. लहानपणापासून त्याच्या सगळ्या नकला दादानेच बघितल्या होत्या. पेंटरला फार एकटं वाटलं. तेवढ्यात वहिनीचा फोन आला.

"भाऊजी, झालं का काम?"

"होतंय वहिनी. थोडं राहिलंय."

"त्यांना बघितलं का?"

"अजून नाही. आधी खातं उघडायचंय."

"भाऊजी, तिथे फार गार असतं म्हणतात. त्यांना थंडी सोसत नाही हो. काही पांघरूण तरी घालतात का?"

"घालतात," पेंटर म्हणाला. त्याला काहीही माहीत नव्हतं.

घरमालकाला भेटायला दोघे त्याच्या इमारतीत गेले. घरमालक जाडजूड आणि त्रासलेला होता. तो स्वतः जिन्यात उभा राहून भाडेकरूंच्या सायकली बाहेर ढकलत होता. भिंतीवर कागद चिकटवले की लोक फाडून टाकतात, अशी त्याची तक्रार होती. लिफ्टवाल्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

"हा पेंटर आहे," तो म्हणाला. "भिंतीवरच लिहून देईल, कोण फाडतंय बघू. पैसे नकोत. अनामत न घेता खाटेचा पत्ता लिहून द्या आणि बँकेत चला. तुमचं खातं त्याच बँकेत आहे ना?"

होतं. घरमालकाने टेबलावरचा एक कागद ओढला आणि जिन्यात सायकली ठेवू नयेत, असं आपल्या भाषेत लिहून दिलं. पेंटर ब्रश घेऊन भिंतीपुढे उभा राहिला. शिडी होती, पण धरायला कोणी नव्हतं; लिफ्टवाला कामावर गेला होता. गावात सुरुवातीच्या दिवसांत दादा शिडी धरायचा. "तू वर बघ रे, खाली मी आहे," म्हणायचा. पुढे शिडी धरून पोट भरेना म्हणून तो परदेशी गेला. पेंटरने शिडी भिंतीला नीट टेकवली, दोनदा हलवून बघितली आणि चढला.

त्या लिपीतलं एक अक्षर त्याला येत नव्हतं. त्यामुळे कागदावर जे जे होतं ते ते त्याने इमानाने भिंतीवर उतरवलं. संध्याकाळी घरमालक बघायला आला. अक्षरं सुरेख होती. बाजूला एक तपकिरी, गोल कडं काढलेलं होतं, खालच्या बाजूला किंचित पुसट. घरमालकाच्या कागदावर कपाचा डाग पडला होता, तोही पेंटरने सोडला नव्हता.

घरमालक बराच वेळ त्या कड्याकडे बघत राहिला. मग त्याने पेंटरची पाठ थोपटली.

"काय म्हणतो?" पेंटरने कामावरून आलेल्या लिफ्टवाल्याला विचारलं.

"म्हणतो, सायकलचं चाक फार छान काढलंय."

दुसऱ्या दिवशी घरमालक बँकेत आला. त्याने पत्ता लिहून दिला, ओळख दिली आणि वर खातेवालीला चाकाचं कौतुकही सांगितलं. पेंटरच्या जिवात जीव आला. खातेवाली हसतमुखाने उठली आणि तिने एक कार्ड पुढे ठेवलं. त्यावर तीन चौकटी होत्या.

"झालंच म्हणते," लिफ्टवाला म्हणाला. "तीन वेळा सही कर. तिन्ही सारख्या पाहिजेत."

इथे पेंटर इतक्या दिवसांत पहिल्यांदा निर्धास्त झाला. पासपोर्ट, पत्ता, ओळख हे दुसऱ्यांच्या हातातलं होतं. सही त्याच्या हातातली होती. त्याने करंगळी कागदावर टेकवली, श्वास रोखला आणि पूर्ण नाव तीन वेळा लिहिलं. दुकानाच्या पाटीवर लिहितो तसं, वळणदार, शेवटच्या अक्षराखाली छोटी रेघ ओढून. खातेवालीने कार्ड यंत्रात सरकवलं. यंत्राने लाल दिवा लावला.

"काय झालं?"

"यंत्र म्हणतं, सह्या खोट्या आहेत. एकीवरून दुसरी गिरवलीय. केसाइतकाही फरक नाही म्हणे. माणसाच्या हाताने असं होत नाही."

"माझ्याच हाताने झालं की. ही बघत होती ना?"

"ती म्हणते मी बघितलं, पण यंत्राने बघितलं नाही." लिफ्टवाल्याने घाम पुसला. "जरा मोकळी सही कर. लोक घाईत, फोनवर बोलता बोलता करतात तशी."

"घाईत केलेल्या पाटीचे पैसे कोण देतं?" पेंटर कुरकुरला, पण दुसरं कार्ड घेतलं. मुद्दाम मधलं एक अक्षर तिरकं काढलं, रेघ जरा लांबवली. मोकळी सही काही वाईट झाली नाही. मग त्याने दुसऱ्या चौकटीत तेच अक्षर तेवढंच तिरकं काढलं, रेघ तेवढीच लांबवली, आणि तिसऱ्या चौकटीतही. यंत्राने लाल दिवा लावला.

तिसऱ्या कार्डावर लिफ्टवाल्याने त्याला डोळे मिटून सही करायला लावली. त्या सह्या तीन वेगवेगळ्या माणसांच्या वाटत होत्या, आणि त्यांतल्या एकालाही लिहिता येत नसावं. खातेवालीनेच डोक्याला हात लावला.

"एक संधी उरली म्हणते. उद्या. उद्याही लाल दिवा लागला तर अर्ज बाद आणि सहा महिने नवा अर्ज नाही."

"सहा महिने दादाने काय करायचं?"

लिफ्टवाल्याने याचं भाषांतर केलं नाही.

बाहेर पडल्यावर त्याने शवागाराच्या कारकुनाला फोन करून थोडी सवड मागितली. कारकुनाचा आवाज कंटाळलेला होता. जागा कमी आहे, नवी माणसं रोज येताहेत. उद्या संध्याकाळपर्यंत पैसे भरले नाहीत तर सरकार आपल्या खर्चाने इथेच पुरून टाकतं, काळजी नसावी. आणि हो, पैसे भरायच्या आधी नातेवाईकाने येऊन ओळख पटवायची असते, ते अजून राहिलंय.

म्हणून दुसऱ्या दिवशी बँकेआधी ते शवागारात गेले. वाटेत पेंटर बोटं मोकळी करत होता, हवेत सही करून बघत होता. "घाबरू नको, आज जमेल," लिफ्टवाला सारखं म्हणत होता, आणि त्याचाच आवाज घाबरलेला होता.

कारकुनाने कप्पा ओढला. पेंटरने मनाची तयारी केली होती, म्हणून चेहरा बघून तो उभा राहू शकला. दादा नेहमीसारखाच दिसत होता, थोडा वैतागलेला. अंगावर एक पातळ चादर होती. तिला इस्त्री नव्हती. जन्मभर दुसऱ्यांच्या चादरी कडक करणाऱ्या माणसाला चुरगळलेली चादर दिली होती.

मग त्याची नजर पायाकडे गेली. अंगठ्याला दोऱ्याने एक पुठ्ठ्याचा तुकडा बांधला होता आणि त्यावर त्या लिपीत, लिफ्टवाल्याने सांगितलं म्हणून कळलं, त्यांच्या आडनावाची अक्षरं होती. कोणीतरी जाड पेनाने खरडलेली. पहिलं मोठं, मग जागा पुरेना म्हणून पुढची चेमटलेली, शेवटचं तर कडेवरून खाली उतरलेलं. पेंटर बघत राहिला. भाऊ एवढा पाट्या रंगवणारा, आणि दादाच्या नावाची पाटी ही अशी. त्याने गावभर सगळ्यांची नावं लिहिली होती, वाण्याचं, शिंप्याचं, डॉक्टरचं. दादाचं नाव त्याने कुठेच कधी लिहिलं नव्हतं.

"हेच ना?" कारकुनाने विचारलं.

पेंटरला होय म्हणता येईना. तो रडू लागला. गावात फोन आल्यापासून सगळ्यांना आवरताना, पैसे जमवताना, विमानात बसताना न आलेलं रडू सगळं एकदम आलं. लिफ्टवाल्याने त्याला धरलं आणि कारकुनाला मान हलवून होय म्हणून सांगितलं. मग लिफ्टवाल्यालाही आवरेना. कारकून सवयीने भिंतीकडे बघत उभा राहिला.

बँकेत पोहोचले तेव्हाही पेंटरचा हात थरथरत होता. खातेवालीने शेवटचं कार्ड पुढे ठेवलं. करंगळी टेकवली तर करंगळीच हलत होती.

"थांबू या का थोडं?" लिफ्टवाल्याने विचारलं. "चहा घे. हात स्थिर होऊ दे."

"नको," पेंटर म्हणाला. "द्या इकडे, उरकून टाकतो."

पहिली सही वेडीवाकडी आली. दुसरी तशीच, पण वेगळ्या जागी वाकलेली. तिसऱ्या सहीची रेघ थरथरत चौकटीबाहेर गेली. आपल्या उभ्या आयुष्यात पेंटरने एवढं घाणेरडं काम करून गिऱ्हाईकाच्या हातात दिलं नव्हतं. त्याला लाज वाटली. खातेवालीने कार्ड यंत्रात घातलं आणि तिघेही दिव्याकडे बघत राहिले.

दिवा हिरवा लागला.

"काय म्हणते?" पेंटरने नाक पुसत विचारलं.

"म्हणते, आता माणसाची वाटते."

पुढचं सगळं भराभर झालं. खात्यात पैसे भरले, ते शवागाराला पोहोचले. सुटकेच्या कागदावर बँकेसारखीच सही हवी होती. पेंटरचा हात अजून थांबला नव्हता, त्यामुळे तीही अडचण आली नाही. निघण्याआधी त्याने कारकुनाकडून पेन आणि कोरा पुठ्ठा मागून घेतला, जुना तुकडा समोर ठेवून तीच अक्षरं सारख्या अंतरावर, एका ओळीत लिहिली आणि अंगठ्याला बांधली. हात थरथरत होता तरी ती नीट आली. कारकुनाने तो तुकडा उचलून बघितला आणि पहिल्यांदाच कामाबाहेरचं काहीतरी बोलला. लिफ्टवाल्याने सांगितलं की तो जिन्यातल्या घरमालकापेक्षाही जास्त खूश आहे.

विमानतळावर निरोप घेताना लिफ्टवाला उगाच घुटमळत होता. कधी पिशवी या हातातून त्या हातात घे, कधी घड्याळ बघ.

"पेंटर, एक सांगू? ते खातं बंद करू नकोस."

"आता काय करायचंय त्याचं?"

"माझं गावाकडे कोणी नाही रे." लिफ्टवाला दुसरीकडे बघत बोलत होता. "आमच्या कामाच्या कागदात नातेवाईकाची जागा एवढी वर्षं कोरीच होती. काल तिथे तुझं नाव लिहून आलो. मावसभाऊ म्हणून. तुला विचारायला पाहिजे होतं, पण तू त्या गडबडीत होतास. खातं असलं तर तुला पुन्हा हे सगळं करावं लागणार नाही. येशील, पैसे भरशील, नेशील."

पेंटरने त्याच्या हातातली पिशवी काढून घेतली. मग तो म्हणाला, "भरीन. पण जिन्यात तुमच्या नावाचं काही लिहायला सांगू नका."

लिफ्टवाला हसला, आणि दोघांनाही बरं वाटलं.

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. बँकेचा नियम असा की परदेशी ग्राहकाने दरवर्षी एक सही पाठवायची, ती जुनीशी जुळली तर खातं चालू, नाही तर बंद. पहिल्या वर्षी पेंटरने शांतपणे बसून सही केली. ती इतकी सुंदर आली की बँकेने लगेच परत पाठवली. तेव्हापासून कागद आला की तो दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतो आणि मांडी घालून बसतो. वहिनी चहा घेऊन येते आणि विचारते, "भाऊजी, काय चाललंय?"

"हात कापवतोय."

कापत नाही. नक्कल करायला गेलं की करंगळी घट्ट टेकते आणि हात ऐटीत चालायला लागतो. मग तो पेन खाली ठेवतो आणि दादाच्या अंगठ्याला बांधलेला तो पहिला तुकडा आठवतो. तेही हल्ली पुरत नाही. आठवणीला सवय झालीय. मग तो लिफ्टवाल्याचा विचार करतो. लिफ्टच्या काळ्या खड्ड्यात, दोरखंडांच्या मध्ये उतरलेला, आता वय झालेला, आणि वर त्याला धरायला कोणी नाही. तेवढ्याने हात हलायला लागतो. पेंटर घाईघाईने सही करून टाकतो.

यंदाही तशीच झाली. मंजुरी आली त्या दिवशी त्याने लगेच फोन लावला.

"लिफ्टवाले, सही पास झाली. आता वर्षभर तुम्ही बिनघोर मरा."

"बरं झालं बाबा, सांगितलंस," पलीकडून लिफ्टवाला म्हणाला. त्याच्या आवाजामागे कुठलंतरी यंत्र घरघरत होतं. "आठ दिवस झाले, लिफ्टच्या खड्ड्यात फार जपून उतरत होतो."